आईच्या कागदावर सही करू का?

केळफूल | रविवार, रात्री ११.४०

गेली आठ वर्षं इथं नुसती वाचतेय. पाककृती विभागात दोनदा धडपडले, तेवढंच. मनातलं असं पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

आई ७९ वर्षांची. लालबागला एकटी राहते. जुनी चाळ पाडून टॉवर झाला, त्यात नवव्या मजल्यावर. मी ठाण्याला, दादा न्यू जर्सीत. आई ३१ वर्षं शाळेत शिक्षिका होती, त्यामुळं तिला सगळं लेखी लागतं, अगदी दूधवाल्याचा हिशेबसुद्धा.

गेल्या महिन्यात तिनं जेवायला बोलावलं. भरली वांगी केली होती. मी हात धुवून येते तोच टेबलावर एक फाइल. तिनं लिव्हिंग विल लिहिलंय. ती त्याला 'माझं वैद्यकीय इच्छापत्र' म्हणते. बरं होण्याची आशा उरली नसेल आणि तिला स्वतःला बोलता येत नसेल तर व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, नाकातून नळी नको, बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करायला नको. दुखणं कमी करणारी औषधं मात्र हवीत. शेवटी एक ओळ: 'शुद्धीवर असेन तर चहा द्यावा, साखरेचा.' आईला मधुमेह आहे.

या कागदावर तिच्या वतीनं बोलणाऱ्या माणसांची नावं लागतात. तिनं दोन लिहिलीत, दादाचं आणि माझं. दादाला फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ गप्पच बसला. मग म्हणाला, "आईच्या मरणावर मी सही करणार नाही. तूही करू नकोस."

इथं बाबांचं सांगायला हवं. २०१९ मध्ये त्यांना मोठा झटका आला. २३ दिवस आयसीयू. डॉक्टर रोज नवं काहीतरी सांगायचे आणि विचारायचे, "करायचं का?" आम्ही म्हणायचो, "सगळं करा." नळी ओढून काढतात म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. आई रोज पाच मिनिटं आत जायची. एक दिवस बाहेर येऊन म्हणाली, "त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. बांधलेल्या हाताकडे बघत होते." त्यानंतर ती आत गेली नाही. दादा शेवटच्या चार दिवसांत पोचला होता.

तर प्रश्न एवढाच, सही करू का? कायदा मी वाचीन. मला हे कुणी केलंय का ते ऐकायचंय.

---

खडूस_काका | रविवार, रात्री ११.५२

करा. पुढचा धागा.

---

अर्धवट_वकील | सोमवार, सकाळी ८.१०

नाव अर्धवट असलं तरी सनद पूर्ण आहे.

ताई, तुमच्या बंधूंना आधी एक समजवा. ही मरणावर सही नाही. आईचं म्हणणं तिच्या वतीनं पोचवायची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला सन्मानानं मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि असा कागद करायला मान्यता दिली. पण तेव्हा घातलेली पद्धत इतकी किचकट होती की न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं राहण्याच्या कल्पनेनंच माणूस बरा व्हायचा. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. जवळच्या माणसांची एकाहून जास्त नावं घालायची, हेही २०२३ चंच. म्हणजे आईंनी दोन नावं घातली ती नियम वाचूनच.

आणि हा कागद दाखवला की लगेच प्लग काढतात असं कुणाला वाटत असेल तर तसं अजिबात नाही. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ मिळून एक मंडळ. त्यांनी हो म्हटलं की दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर. दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं. अंमल करण्याआधी दंडाधिकाऱ्याला कळवायचं. आणि आई शुद्धीत आहे तोवर केव्हाही कागद रद्द करू शकते.

साक्षीदार शक्यतो त्रयस्थ घ्या. आणि ज्यांची नावं घालाल त्यांची कबुली लेखी घेतलेली बरी, ऐन वेळी लोक पलटतात.

---

पार्सल_दादर | सोमवार, सकाळी ९.३५

वाईट दिसेल पण विचारतो. लालबागच्या टॉवरमधला फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? दादाच्या मनात हेच असणार. तो बोलणार नाही, म्हणून मी बोललो.

---

झणझणीत | सोमवार, सकाळी ९.४१

@पार्सल_दादर तुमच्या पार्सलात चटणी जास्त झालीय.

---

रात्रपाळी | सोमवार, पहाटे नाही, दुपारी २.१५ (आत्ता उठले)

मी १७ वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. कुठल्या हॉस्पिटलात ते सांगणार नाही, पण लोकल परळवरून जाते एवढं सांगते.

केळफूल ताई, तुमच्या बाबांचे हात माझ्यासारखीनंच बांधले असतील. आम्हाला ते आवडतं असं समजू नका. नळी ओढली तर घशातून रक्त येतं आणि मग त्याच माणसाला पुन्हा नळी घालावी लागते. बांधताना मी दर वेळी पेशंटचं नाव घेऊन सांगते, काका, हात बांधतेय हं. ऐकू येत असेल-नसेल.

"सगळं करा" या दोन शब्दांबद्दल बोलायचंय. रोज ऐकते. म्हणणाऱ्याला सगळं हवं असतं असं नाही. नको म्हणणारा आपण ठरू नये, एवढंच हवं असतं. चार भावंडं बाहेर बाकावर बसलेली असतात. प्रत्येकाच्या मनात 'आता पुरे' असतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्यानं म्हणावं म्हणून थांबलेला असतो. मग त्यातला एक उठतो आणि आत येऊन सांगतो, सिस्टर, सगळं करा. ८५ वर्षांच्या आजीची छाती दाबली तर बरगड्या मोडतात. तो आवाज हाताला कळतो. टीव्हीवर दाखवतात तसा माणूस उठून पाणी मागत नाही.

अजून एक. तुमचे हे कागद, मंडळं सगळं ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यासाठी. ज्याच्याकडे नाहीत त्याचा निर्णय बिल करतं. आमच्या भाषेत 'डामा', म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. नातेवाईक अंगठा देतात, गाडी बोलावतात, पेशंट कर्जतला नाहीतर रत्नागिरीला घरी जातो आणि वाटेत किंवा दुसऱ्या दिवशी जातो. त्याला कुणी इच्छामरण म्हणत नाही. ना कोर्ट, ना मंडळ. श्वास द्यायची पंपिंगची पिशवी हातात घेऊन गाडीत बसलेला मुलगा मी कितीदा बघितलाय.

सही करा म्हणून सांगत नाही. पण आई सांगू शकतेय तेव्हाच सांगतेय, असं दहांत एका घरातही होत नाही.

---

तात्या_डोंबिवली | सोमवार, दुपारी २.४०

रात्रपाळी, दंडवत.

---

खडूस_काका | सोमवार, दुपारी ३.०५

सिस्टर, बरगड्यांचं वाचून चहा ठेवला बाजूला.

बाकी आपल्याकडं यात नवीन काय आहे? ज्ञानोबांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. सावरकरांनी दादरच्या घरी अन्न-औषध सोडून २६ फेब्रुवारी १९६६ ला देह ठेवला. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला तेच केलं, तेव्हा सगळा देश बघत होता. आमच्या आजोबांना शेवटी ओसरीवर घोंगडीवर काढलं, गंगाजल पाजलं, तुळशीपत्र ठेवलं, संपलं. आता तोंडात नळी असते, तुळशीपत्र ठेवायला जागा कुठाय?

---

निरुपमा_के | सोमवार, संध्याकाळी ६.२०

काका, यात एक गफलत आहे. सावरकर, विनोबा दोघांनी शुद्धीत स्वतः ठरवलं आणि स्वतः केलं. इथं प्रश्न शुद्ध गेलेल्या माणसाचा आहे आणि करणार दुसरे आहेत. जैनांच्या संथाराचंही (अन्न सोडून मरण स्वीकारायचं व्रत) तेच. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये तो आत्महत्या ठरवला, सर्वोच्च न्यायालयानं त्याच महिन्यात स्थगिती दिली. तिथंही व्रत घेणारा स्वतः बोलू शकत होता.

आणि तुमच्या आजोबांना घोंगडीवर काढलं तेव्हा दुसरा पर्यायच नव्हता. पर्याय नसला की शांतपणा सोपा असतो.

---

खडूस_काका | सोमवार, संध्याकाळी ६.३१

शेवटचं वाक्य पटलं. बाकीच्यावर रात्री भांडू.

---

परळची_पोर | सोमवार, रात्री ९.००

मला १९८६ साल आठवलं. तेव्हा मी परळच्या केईएम हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत राहायचे, नववीत होते.

त्या वर्षी ६ ऑगस्टला केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. परळचीच प्रजनन संशोधन संस्था आणि केईएम यांचं एकत्र काम. (हो, कोलकात्याला १९७८ मध्ये डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी ते आधीच केलं होतं आणि त्यांना कुणी मानलं नाही, ती वेगळी दुःखद कथा.) आमच्या गल्लीत चर्चा एकच, मूल बाटलीत वाढवलं का बरणीत. आजी म्हणाली, देवाच्या कामात लुडबुड. आणि तीच आजी दोन वर्षांनी मामीला म्हणाली, "त्या बाईंकडे नंबर लाव."

आणि त्याच केईएमच्या एका खोलीत तेव्हा तिथल्याच नर्स अरुणा शानबाग तेरा वर्षं पडून होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच सफाई कामगारानं हल्ला केला. त्याला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची सात वर्षांची शिक्षा झाली, बलात्काराची झालीच नाही. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, तिथल्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. त्यांना आता जाऊ द्यावं, असा लेखिका पिंकी विराणींनी केलेला अर्ज होता, त्यावर ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. अर्ज फेटाळला, पण उपचार थांबवण्याचं दार त्याच निकालानं पहिल्यांदा किलकिलं केलं. नर्सेस म्हणत होत्या, ती आमची आहे, आम्ही सांभाळू.

१९८६ मध्येच मुंबई उच्च न्यायालयानं आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम ३०९ घटनाबाह्य म्हटलं होतं. पुढं १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ते कलम पुन्हा उभं केलं. आणि १९८६ मध्येच वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. शेवटच्या अवस्थेतल्या कॅन्सर पेशंटला बरं करायचा आव न आणता नुसतं सांभाळायचं.

जन्माचं, मरणाचं आणि मरता न येण्याचं, सगळं एका वर्षात, एका शहरात, आणि आम्ही गणपतीची वर्गणी गोळा करत होतो.

---

झणझणीत | सोमवार, रात्री ९.२२

परळची_पोर, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. वाचनखूण साठवलीय.

अवांतर: माझ्या मैत्रिणीनं ३४ व्या वर्षी अंडी गोठवून घेतली. तिच्या आजीला सांगितलं तर आजी म्हणाली, "मुलं थंड स्वभावाची निघतील का गं?"

---

निरुपमा_के | सोमवार, रात्री ९.४०

खिक्. पण आजीपेक्षा कायदा उशिरा जागा झाला. २०२१ मध्ये कायदा येईपर्यंत आपल्याकडच्याच बायका अंडी द्यायला पुन्हा पुन्हा जायच्या, इंजेक्शनं घेऊन, घरभाड्यासाठी. आता अंडी देणारीला आयुष्यात एकदाच देता येतात, सरोगसी फक्त विनामोबदला आणि तीही एकदाच. कागदावर छान आहे. पण फुकट नऊ महिने कोण देणार? मग घरातलीच धाकटी जाऊ, नाहीतर विधवा नणंद. तिला नाही म्हणता येतं का, हे कुठल्या कलमात लिहिलंय?

---

तात्या_डोंबिवली | सोमवार, रात्री १०.१५

किडनीचंही तेच. मी स्वतः बायकोची किडनी घेऊन बसलोय, म्हणून सांगतो. ओपीडीत बघाल तर देणाऱ्या बहुतेक बायका आणि घेणारे बहुतेक पुरुष. परवानगी देणाऱ्या समितीसमोर तिला विचारलं, स्वखुशीनं देताय ना? ती म्हणाली, हो. मी बाजूलाच बसलो होतो. उलटं असतं तर मी हो म्हटलं असतं का, हे सहा वर्षं झाली, मला माहीत नाही. तिनं विचारलेलं नाही.

---

मुलाची_आई | मंगळवार, सकाळी ७.०५

धागा रात्री वाचला, झोप लागली नाही, म्हणून लिहिते.

माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. जन्मतः मेंदूला इजा. बोलत नाही, चालत नाही, गेली सहा वर्षं पोटातल्या नळीनं जेवतो. त्याच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी एका मोठ्या डॉक्टरनं मला सांगितलं होतं की आशा नाही, फार ओढू नका. त्या डॉक्टरची चूक झाली असं नाही म्हणणार. त्यांच्या अर्थानं आशा नव्हतीच. पण सकाळी खिडकीतून हार्बरची लोकल गेली की हा हसतो. रविवारी मेगाब्लॉक असला की चिडतो. हे कुठल्या मंडळाला कळणार?

केळफूलच्या आईबद्दल मी काहीच म्हणत नाही. तिचं ती लिहितेय, हक्क आहे. पण इथं वरती कुणी तरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगते. 'असं जगण्यात काय अर्थ' हे वाक्य माझ्या समोर म्हणू नका. नळीनं जेवणं म्हणजे मरण नाही. आज हे आपल्या खुशीनं आहे. उद्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाटायला लागलं की कागद न करणं म्हणजे पोरांवर ओझं टाकणं, तर? आमच्यासारख्यांना लोक आत्ताच विचारतात, तुमच्यानंतर याचं काय? त्यात मदतीचा प्रश्न कमी असतो आणि सूचना जास्त.

---

खडूस_काका | मंगळवार, सकाळी ७.४८

काल रात्री मी नेमकं तेच वाक्य लिहिलं होतं. पाठवलं नव्हतं. खोडलं.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २.३०

मुलाची_आई, तुमचं बरोबर आहे. आमच्याकडेही 'हे वाचले तर कसे जगतील' हे ठरवणारी माणसं बहुतेक वेळा चालती-बोलती असतात. एक मात्र सांगते, केळफूलच्या आईनं लिहिलेली नळी आणि तुमच्या मुलाची नळी एक नाही. तुमच्या मुलाच्या नळीमागं रोज सकाळी कुणीतरी उठतं.

---

हडसनपार | मंगळवार, रात्री ८.५०

दादाच्या बाजूनं कुणीच बोललेलं नाही, मी बोलतो. मीही न्यू जर्सीतच, एडिसनला राहतो, २२ वर्षं झाली.

लांबच्या मुलाला आई कधी पूर्ण दिसत नाही. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, तोही चांगला उजेड बघून बसलेला. गुडघे दिसत नाहीत, बाथरूमपर्यंत जायला किती वेळ लागतो ते दिसत नाही. म्हणून आमच्या डोक्यात आई अजून लालबागच्या जिन्यावरून भाजीची पिशवी घेऊन चढत असते. ती अचानक 'नळी नको' म्हणते, तेव्हा आम्हाला ऐकू येतं की तिथं कुणीतरी तिला कंटाळलंय.

इथल्या डॉक्टरांत एक शब्द आहे, 'कॅलिफोर्नियाची लेक'. आजाऱ्याचं सगळं करणारी माणसं शांतपणे ठरवत असतात, तेवढ्यात लांबून विमानानं लेक येते आणि म्हणते, हे काय चाललंय, सगळं करा! कॅलिफोर्नियात म्हणे तिलाच 'न्यूयॉर्कची लेक' म्हणतात. माझे वडील गेले तेव्हा मीच ती लेक होतो. विमानतळाच्या रांगेत उभा राहून फोनवर ओरडलो, मी पोचेपर्यंत काहीही बंद करायचं नाही. पोचलो. त्यांनी डोळे उघडले नाहीत. बहिणीनं ते नऊ दिवस मला कधी बोलून दाखवले नाहीत. बिल मी भरलं, त्यामुळं मला वाटत होतं मी माझ्या वाटणीचं केलं.

दादाला सहीबद्दल विचारू नका. त्याला विचारा, तुला काय हवंय.

---

पार्सल_दादर | मंगळवार, रात्री ९.१०

@हडसनपार वा. माझा कालचा प्रश्न आता जरा लाज आणतोय.

---

केळफूल | गुरुवार, रात्री १०.३०

दोन दिवस लॉगिनच केलं नाही. पार्सल_दादर, तुमचा प्रश्न लागला, कारण मीही तो स्वतःला विचारला होता. फ्लॅट आईच्या नावावर आहे, तिच्यानंतर दोघांना सारखा. म्हणजे तिनं लवकर जावं यात माझाही फायदा आहे, असं कुणालाही म्हणता येईल. दादाला तर येईलच. ही गोष्ट नाकारता येत नाही, नुसती तोंडावर बोलून टाकता येते. मी त्याला तसं बोलून टाकलं. तो म्हणाला, "येडी आहेस का?" बऱ्याच वर्षांनी मराठीत भांडलो.

रात्रपाळी, "सगळं करा" वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आमच्याकडं उठून आत जाणारी मीच होते.

हडसनपार, तुमचं म्हणणं वाचून दाखवते त्याला. रविवारी तिघांचा कॉल आहे.

---

अर्धवट_वकील | गुरुवार, रात्री ११.०५

कॉलपूर्वी एक. कागद झाला की एक प्रत महापालिकेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं ठेवायची असते. डॉ. निखिल दातार या मुंबईतल्याच स्त्रीरोगतज्ज्ञांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यावर राज्यात असे अधिकारी नेमले गेले. हेच डॉक्टर २००८ मध्ये एका मुंबईकर जोडप्याबरोबर कोर्टात गेले होते, गर्भाच्या हृदयात दोष आढळला तेव्हा गर्भपाताची वीस आठवड्यांची मुदत उलटली होती. परवानगी मिळाली नाही. ती मुदत २०२१ मध्ये काही गटांसाठी २४ आठवड्यांवर गेली, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मतानं त्यापुढंही. तेरा वर्षं. आपल्याकडं कायदा धिम्या लोकलनं येतो.

---

निरुपमा_के | गुरुवार, रात्री ११.२०

आणि कधी कधी लवकर येऊनही उपयोग होत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानंच केला, १९८८ मध्ये. सोनोग्राफी सेंटरच्या दारावर आजही 'येथे लिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी आहे. पाटी लावावी लागते यातच आलं.

---

दिनशॉचा_शेजारी | शुक्रवार, सकाळी १०.००

अवांतर, पण मरणावर आहे म्हणून चालेल. आमच्या शेजारच्या पारशी काकांनी सगळं लिहून ठेवलं होतं, पारशांच्या डुंगरवाडीला न्यायचं, देह गिधाडांच्या स्वाधीन. पण गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधानं, ती मेलेली गुरं खाऊन, गिधाडंच संपली. ते औषध जनावरांसाठी २००६ मध्ये बंद केलं, तोवर व्हायचं ते झालं होतं. शेवटी काकांच्या मुलींनी वरळीच्या प्रार्थनागृहात प्रार्थना करून अग्नी दिला. अर्धी बिरादरी आली नाही. काका असते तर म्हणाले असते, डिकरा, मी तर तयार होतो, गिधाडंच आली नाहीत.

---

झणझणीत | शुक्रवार, सकाळी १०.०८

हसू की नको कळेना.

---

केळफूल | सोमवार, रात्री १२.१५

कॉल झाला. सव्वादोन तास.

आईनं वर्ग घेतला. चष्मा लावून पूर्ण कागद मोठ्यानं वाचला. मध्ये दादानं काही बोलायचा प्रयत्न केला तर "प्रश्न शेवटी." शेवटी मी विचारलं, दादा, तुला काय हवंय? तो म्हणाला, "बाबांच्या वेळी मी पोचलो तेव्हा ते नव्हतेच. मशीन होतं. मला एकदा वेळेवर यायचंय."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग पेन घेतलं आणि मार्जिनमध्ये लिहिलं, 'मुलगा परदेशी आहे. त्याला येण्यासाठी ७२ तास थांबावे. त्यापुढे नाही.' आणि त्याला म्हणाली, "विमान चुकलं तर ती तुझी चूक, माझ्यावर ढकलायची नाही."

दादानं सही करतो म्हटलेलं नाही. विचार करतो म्हणाला. दुसरं नाव सध्या मामेबहिणीचं घातलंय. त्याचं नंतर वाढवता येईल ना, वकीलसाहेब?

---

अर्धवट_वकील | सोमवार, सकाळी ८.००

येईल. नवा कागद करून पुन्हा साक्षीदार-नोटरी करा, मार्जिनमधलं तसंच ठेवू नका. ७२ तास टंकून घ्या.

---

रात्रपाळी | सोमवार, दुपारी २.२०

दोन्ही मंडळांचे ४८-४८ तास धरले तर ७२ तास असेही जातातच. दादाला हे सांगू नका.

---

केळफूल | शनिवार, संध्याकाळी ७.४५

झालं. टायपिस्टनं वर 'ईच्छापत्र' टंकलं होतं, दीर्घ ई. आईनं सही करायला नकार दिला. "ऱ्हस्व इ. माझ्या शेवटच्या कागदावर अशुद्ध नको." पुन्हा प्रिंट काढून आणली. मग एका कार्यालयात प्रत द्यायला गेलो तर खिडकीवरच्या माणसानं विचारलं, मृत्युपत्र का? ते वरच्या मजल्यावर. आईनं त्याला वीस मिनिटं फरक समजावला. मागं रांग लागली होती. रांगेतल्या एका बाईनं माझा नंबर घेतला, तिला तिच्या सासूसाठी नाही, स्वतःसाठी हवाय.

मी सही केली. हात थरथरला, हे आईच्या लक्षात आलं. परत येताना टॅक्सीत विचारलं तिनं, "झेपेल ना तुला?" मी हो म्हटलं. खरं माहीत नाही.

---

खडूस_काका | शनिवार, संध्याकाळी ७.५८

साखरेचा चहा कायम आहे ना?

---

केळफूल | शनिवार, रात्री ८.०३

कायम. दादाची हरकत आता तेवढ्यालाच आहे.